छोटा एचडी टीव्ही घेताना: आधी खोली मोजा, मग दुकान गाठा

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात आले की टीव्हीची खोकी टेम्पोवर चढायला लागतात. लातूरची गंजगोलाई असो, नांदेडचं वजिराबाद असो की संभाजीनगरचं पैठण गेट, दुकानात शिरणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "३२ इंची कितीला?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं: "कोणत्या कंपनीचा दाखवू?" तिथून पुढची सगळी बोलणी कंपनी आणि किंमत या दोनच गोष्टींवर होतात. खोली केवढी, बसता कुठं, सेट-टॉप बॉक्स कोणता, गावात लाइट कशी असते, हे कोणी विचारत नाही आणि घेणाराही सांगत नाही. छोट्या टीव्हीचं समाधान याच गोष्टींवर ठरतं, असं माझं मत आहे. खोक्यावर छापलेले आकडे त्यानंतर बघायचे.

टेप घ्या आणि घरातच मोजा

टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. ३२ इंची टीव्हीचा पडदा प्रत्यक्षात सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. २४ इंचीचा ५३ बाय ३०, तर ४३ इंचीचा ९५ बाय ५३. खोक्यावर सेंटिमीटरचा आकडा असतो: ३२ इंचीवर बहुतेक वेळा ८० आणि ४३ इंचीवर १०८. तोच वाचा, कारण "३२ क्लास", "४० टाइप" असल्या शब्दांत एखादा इंच सहज गायब होतो.

आता टीव्ही जिथं लागणार त्या भिंतीपासून माणसं बसतात तिथपर्यंत टेप धरा. खोली १० बाय १२ आहे म्हणजे अंतर १२ फूट आहे, असं होत नाही. पलंग, दिवाण, भिंतीला टेकून बसलेली आजी, या सगळ्यांचं डोक्यापासूनचं अंतर मोजलं तर ते बहुधा ७ ते ९ फूट निघतं. त्यावरून आकार ठरवा. ५ ते ७ फुटांवरून बघणार असाल तर ३२ इंच छान दिसतो. ८ फुटांच्या पुढं गेलात की तोच पडदा लहान वाटायला लागतो आणि बातम्यांच्या खालच्या पट्टीतली अक्षरं वाचायला डोळे ताणावे लागतात. तिथं ४० किंवा ४३ इंच बघा. स्वयंपाकघरात ओट्यासमोर, शिकणाऱ्या पोराच्या खोलीत किंवा शेतातल्या आखाड्यावर ३-४ फुटांवरून बघायचा असेल तर २४ इंच पुरतो.

४३ इंची म्हणजे ३२ पेक्षा थोडाच मोठा, असा समज असतो. पडद्याचं क्षेत्रफळ काढलं तर तो पावणेदोन पटींहून जास्त भरतो. कपाटातल्या टीव्हीच्या कप्प्यात ३२ बसत असेल तर ४३ बसणार नाही, हे दुकानात गेल्यावर आठवून उपयोग नाही. कप्पा मोजताना पडद्याभोवतीची कड, खालचे पाय आणि हवेसाठी चारी बाजूंनी निदान चार-चार बोटं जागा धरा.

दुपारी चार वाजता त्या भिंतीकडं एकदा बघून घ्या. समोर दार किंवा खिडकी असेल तर तिचं प्रतिबिंब पडद्यात दिसणार. शक्य असेल तर बाजूची भिंत धरा, नाहीतर पडदा लावा. जास्त उजेडाचा टीव्ही घेऊन ही अडचण पुरती सुटत नाही.

एचडी रेडी की फुल एचडी?

३२ इंचात दोन प्रकार मिळतात. एचडी रेडी म्हणजे १३६६ गुणिले ७६८, सुमारे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, जवळपास पावणेएकवीस लाख. दुप्पट ठिपके म्हणजे दुप्पट चांगलं चित्र, असं दुकानात सांगतात. डोळ्याचा हिशेब वेगळा आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखू शकतो. ३२ इंची एचडी रेडी पडद्यावर एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भरतो. हा ठिपका सुटा दिसायचा बंद होतो तो साधारण पावणेदोन मीटरवर, म्हणजे सहा फुटांच्या जरा अलीकडं. त्यापलीकडं बसलात तर त्याच आकाराच्या एचडी रेडी आणि फुल एचडीतला फरक डोळ्याला कळणं अवघड आहे.

म्हणून माझा साधा नियम असा. ३२ इंची टीव्ही सहा फुटांहून लांबून बघणार असाल तर एचडी रेडी घ्या आणि वाचलेले पैसे पुढं सांगितलेल्या स्टॅबिलायझरवर घाला. तोच टीव्ही चार फुटांवरून बघायचा असेल, पोरं त्यावर गेम खेळणार असतील किंवा तो कॉम्प्युटरला जोडायचा असेल, तर फुल एचडी घ्या. बारीक अक्षरांत फरक ठळक दिसतो. ४० किंवा ४३ इंचात मात्र एचडी रेडीच्या वाटेला जाऊ नका. तिथं फुल एचडी किमान, आणि ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) जवळच्याच भावात मिळत असेल तर तो. ३२ इंचावर "४के सपोर्ट" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ४केची फाइल तो उघडेल आणि आपल्या ठिपक्यांत बसवून दाखवेल. पडदा त्यानं ४के होत नाही. एचडीआरचंही (उजेड आणि काळोखातला फरक ठळक दाखवायची पद्धत) तेच: स्वस्त छोट्या टीव्हीला तो सिग्नल वाचता येतो, पण दाखवायला लागणारा उजेड पॅनेलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यात, नसतो.

ठिपक्यांपेक्षा पॅनेलची जात जास्त महत्त्वाची. आयपीएस जातीचा पडदा बाजूनं बघितला तरी रंग फारसे उतरत नाहीत. व्हीए जातीत समोरून काळा रंग गडद येतो, पण बाजूनं चित्र पांढरट पडतं. आपल्याकडं टीव्ही बघतात तो सतरंजीवर पसरून: एक जण दाराशी, एक पलंगावर, दोघं भिंतीला टेकून. अशा घरात आयपीएस बरा. एकटा-दुकटा माणूस रात्री दिवा मालवून सिनेमे बघणार असेल तर व्हीए. दुकानदाराला जात सांगता येत नसेल तर एक-दोन पावलं बाजूला सरका, मग खाली उकिडवे बसा आणि तिथून पडद्याकडं बघा. जमिनीवरून चित्र उलटल्यासारखं, काळ्याचं राखाडी दिसलं, तर तो टीव्ही तुमच्या घरचा नाही.

टीव्हीत चित्र येणार कुठून?

एचडी टीव्ही घेतला म्हणून एचडी चित्र येत नाही, आणि नवा टीव्ही घेतल्यावर सगळ्यात जास्त हिरमोड इथंच होतो. जुना एसडी (साध्या दर्जाचा) बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं जोडला तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं चित्र ताणून मोठ्या पडद्यावर पसरवलं जातं. चेहरे धुरकट आणि माणसं जाड दिसतात. जुन्या डबड्या टीव्हीवर तेच चित्र बरं वाटायचं, कारण तो पडदा लहान होता. केबलवाल्याकडून किंवा डिश कंपनीकडून एचडी बॉक्स घ्या, तो एचडीएमआय वायरनं जोडा, आणि ज्या वाहिन्या खरंच बघता त्यांची एचडी आवृत्ती पॅकमध्ये आहे का ते विचारा. सगळाच एचडी पॅक घ्यायची गरज नाही.

डीडी फ्री डिश असेल तर महिन्याचं भाडं नाही. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्वेवरून येते, म्हणून आपल्या भागात तिची छत्री आग्नेयेला तोंड करून लागते. त्या दिशेला पिंपळ, पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचा नवा मजला नाही ना, ते बघा. त्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. त्यामुळं घरात फक्त फ्री डिश चालणार असेल तर फुल एचडीसाठी जादा पैसे मोजू नका. काही टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. छत्रीची वायर थेट लावून खुल्या वाहिन्या दिसतात आणि एक डबा, एक रिमोट कमी होतो. तसं असेल तर दुकानात वाहिन्या लावून दाखवा म्हणावं. कोड लावलेल्या वाहिन्यांना बॉक्स लागतोच. अंबाजोगाईच्या टॉवरकडं अँटिना फिरवून चित्र साफ करायचे दिवस गेले, तेव्हा छतावरचा जुना अँटिना उतरवला तरी चालेल.

तिसरा रस्ता इंटरनेटचा. फायबर असेल तर प्रश्न नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणार असाल तर हिशेब करा: ४८० दर्जाला तासाला अर्धा-पाऊण जीबी, ७२० ला एक ते दीड, १०८० ला दोन-तीन जीबी जातो. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज एका सिनेमातही पुरत नाही. एचडी रेडी पडद्यावर यूट्यूबचा दर्जा ७२० वर बांधून टाका. पडद्याचे स्वतःचे ठिपकेच जवळपास तेवढे आहेत, १०८० लावून डेटा जाईल आणि डोळ्याला काही मिळणार नाही.

दुकानात: पोपट बाजूला आणि पेनड्राइव्ह आत

गंजगोलाईतल्या एका दुकानात औश्याकडचे एक मामा सून-मुलासोबत टीव्ही बघत होते. भिंतीवर ओळीनं लागलेल्या सगळ्या पडद्यांवर एकच चित्रफीत: हिरवे पोपट, चिरलेली फळं, समुद्राचं निळं पाणी. "मामा, कलर बघा, कलर!" दुकानातलं पोरगं सांगत होतं. मामा म्हणाले, "पोपट ऱ्हाऊ द्या. आमच्याकडं बातम्या लागतात. सह्याद्री लावून दावा." पोरगं मालकाकडं बघायला लागलं; बॉक्सच जोडलेला नव्हता. वरून बॉक्स आणवला, वाहिनी लावली, आणि ज्या पडद्यावर पोपट सगळ्यात झगझगीत होता त्याच्यावर निवेदिकेचा चेहरा शेंदरी दिसायला लागला. मामांनी शेजारचा, रंगानं जरा मवाळ वाटणारा टीव्ही घेतला.

मामांचं बरोबर होतं. दाखवायची चित्रफीत कंपनीनं उत्तम दर्जात बनवलेली असते आणि टीव्ही व्हिविड किंवा डायनॅमिक मोडवर ठेवलेला असतो. त्यावरून पारख होत नाही. तुम्ही तीन गोष्टी करा.

पहिली: मोड स्टँडर्ड किंवा सिनेमावर आणायला सांगा आणि रोज बघता ती वाहिनी लावा. माणसाचा चेहरा आणि खालची सरकती पट्टी, या दोनच गोष्टींकडं बघा. चेहरा तांबडा-पिवळा नको. पट्टीवरच्या अक्षरांची वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार सुटे दिसायला हवेत. सरकताना अक्षरांमागं शेपटी ओढल्यासारखी दिसत असेल तर क्रिकेटमध्ये चेंडूमागंही ती दिसणार.

दुसरी: घरून पेनड्राइव्ह न्या. त्यात पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं आणि निळं अशी पाच साधी चित्रं आणि एक १०८० दर्जाचा व्हिडिओ ठेवा. मोबाइलवर ती चित्रं मिनिटाभरात बनतात. पांढऱ्यावर डाग किंवा सावल्या दिसतात, काळ्यावर कडांमधून फुटणारा उजेड दिसतो, आणि लाल-हिरवा-निळा लावला की मेलेला ठिपका सुईच्या टोकासारखा उठून येतो. काळं चित्र बघताना वरचे दिवे क्षणभर घालवायला सांगा. कुरकुर करतील, पण करतील. एक तांत्रिक गोष्ट: पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही.

तिसरी: ही तपासणी तुम्हाला देणार त्या खोक्यातल्या टीव्हीची व्हावी. भिंतीवरचा बघून गोडाऊनमधला सीलबंद घेऊन जाऊ नका. खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा.

आवाज, कूलर आणि पत्रे

एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर चालू असतो आणि वर पंखा. त्या घरघरीत १० वॉटचा टीव्ही ऐकूच येत नाही, मग आवाज शंभरावर नेतात आणि स्पीकर फाटल्यासारखा वाजतो. छोट्या टीव्हीत एकूण १६ ते २० वॉट तरी बघा, आणि "१००० वॉट पीएमपीओ" असलं काही लिहिलं असेल तर ते सोडून द्या. आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या खऱ्या वॉटचा, आकडा विचारा. दुकानात आवाज ऐंशीपर्यंत नेऊन बातम्या ऐका. गाणं ऐकून काही कळत नाही, माणसाचा शब्द स्पष्ट येतो का ते बघायचं. पुढंमागं साउंडबार लावायचा विचार असेल तर एचडीएमआय एआरसी किंवा ऑप्टिकल (आवाज बाहेर नेणारं भोक) असलेला टीव्ही घ्या.

कूलरची ओली हवा थेट टीव्हीच्या पाठीवर येईल अशी जागा टाळा. पत्र्याच्या घरात दुपारी वरचा भाग तापून भट्टी होतो, आणि बहुतेक टीव्ही ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. अशा घरात टीव्ही पत्र्यालगत उंच लावू नका आणि भर दुपारी तासन् तास चालू ठेवू नका. पाठीमागच्या भेगांतून पाली शिरतात आणि बोर्डावर मरून शॉर्ट करतात, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. त्यावर जाळी चिकटवून हवा बंद करू नका. टीव्ही भिंतीपासून जरा सुटा ठेवा आणि मागचा कोपरा अधूनमधून झाडा.

स्मार्ट घ्यायचा का?

आता ३२ इंचात बिनास्मार्ट टीव्ही शोधावा लागतो, त्यामुळं प्रश्न "कोणता स्मार्ट" एवढाच उरतो. अँड्रॉइड टीव्ही किंवा गुगल टीव्ही, सॅमसंगचा टायझन आणि एलजीचा वेबओएस या ओळखीच्या प्रणाली. या सोडून "अँड्रॉइड" म्हणून विकला जाणारा एक स्वस्त प्रकार असतो, ज्यात मोबाइलचं अँड्रॉइड टीव्हीवर चढवलेलं असतं. त्यात ॲपचे परवाने नसतात; नेटफ्लिक्ससारखं ॲप एकतर चालत नाही किंवा चाललं तर धूसर चित्रात. ओळखायचं कसं? प्ले स्टोअर उघडून तुम्हाला हवी ती ॲप दुकानातच शोधा. रिमोटनं चालत नसेल आणि माऊसचा बाण फिरवावा लागत असेल, तर तो तसलाच.

रॅम १ जीबी असेल तर वर्ष-दोन वर्षांत ॲप अडखळायला लागतात. दीड-दोन जीबीचा मिळाला तर घ्या. पण समजा पॅनेल चांगलं आहे, आवाज चांगला आहे आणि स्मार्टपणा मात्र मंद आहे, तर खुशाल घ्या. पुढं ॲप चालवणारी छोटी स्टिक एचडीएमआयला लावली की काम होतं. उलटं करता येत नाही, खराब पॅनेल कोणत्याही स्टिकनं सुधारत नाही. वायफायसाठी राउटर दोन भिंती पलीकडं असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल लांब पोचतो. जुन्या दगडमातीच्या जाड भिंतींतून तोही धड येत नाही. लॅनचं (राउटरच्या वायरचं) भोक असलेला टीव्ही घ्या आणि वायर ओढा.

मागची भोकं मोजा: दोन एचडीएमआय, दोन यूएसबी, एक एव्ही (लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरचं). एका एचडीएमआयवर बॉक्स बसला की दुसरं मोकळं राहायला हवं. जुना डीव्हीडी प्लेअर अजून चालवत असाल तर एव्ही विसरू नका.

डीपी, न्यूट्रल आणि आभाळातली वीज

कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हा भाग नसतो, आणि आपल्याकडचे टीव्ही मरतात ते याच कारणांनी.

डिम लाइटनं टीव्ही सहसा जळत नाही. आतला वीजपुरवठा बऱ्याच कमी दाबावरही चालतो आणि फार उतरला तर टीव्ही बंद होतो. धोका उलटा आहे. डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा पोलवर न्यूट्रल तुटलं की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो, आणि मग एका रात्रीत गल्लीतले बल्ब, चार्जर, टीव्ही सगळेच उडतात. यावर स्पाइक गार्ड उपयोगी पडत नाही. त्यातला घटक क्षणभराचा झटका गिळण्यापुरता असतो. दाब मिनिटभर टिकला तर आधी तोच जळतो. इथं लागतो तो हाय-लो कट असलेला टीव्हीचा स्टॅबिलायझर किंवा व्होल्टेज प्रोटेक्टर, जो दाब मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडतो आणि लाइट परत आल्यावर थोडा वेळ थांबून जोडतो. घेताना कट किती व्होल्टवर होतो ते खोक्यावर वाचा. ज्या गावात डीपी दर उन्हाळ्यात जळते, तिथं हा खर्च टीव्हीच्या किमतीतच धरा.

दुसरं म्हणजे आकाशातली वीज. मराठवाड्यात वैशाखाच्या वळवापासून मृगापर्यंत आणि पुन्हा परतीच्या पावसात विजांचा मारा असतो. घरावर वीज पडली नाही तरी जवळपासच्या विजेचा झटका छत्रीच्या वायरमधून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून एचडीएमआय वायरीनं टीव्हीच्या बोर्डात उतरतो. म्हणून टीव्ही चालू असतो, पण एचडीएमआय मेलेलं असतं, असा प्रकार पावसाळ्यानंतर दुरुस्तीवाल्यांकडं सर्रास दिसतो. नुसतं बटण बंद करून थांबू नका. गडगडाट ऐकू यायच्या आधीच पिन सॉकेटमधून काढा आणि छत्रीची वायरही बॉक्समधून काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी नावाचं मोबाइल ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं, ते शेतात जाणाऱ्यांच्या मोबाइलवर असलेलं बरंच. प्रत्यक्ष वीज पडायला लागल्यावर मात्र वायरींना हात लावू नका.

तिसरं अर्थिंग. सॉकेटला तिसरं भोक असतं, त्यामागं वायर असतेच असं नाही. वायरमनला टेस्ट लॅम्प लावून बघायला सांगा. बॉक्सची किंवा एचडीएमआयची धातूची कड धरल्यावर हाताला मुंग्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही, आणि तशात चालू टीव्हीत वायर खुपसली तर पोर्ट उडू शकतं. दोन्ही यंत्रं बंद करूनच वायर जोडा-काढा.

वीजबिलाची काळजी नको. ३२ इंची एलईडी साधारण ३० ते ५५ वॉट खातो. ४५ वॉट धरले आणि रोज पाच तास चालवला तर महिन्याला सात युनिटच्या आत. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, दोन टीव्हींची तुलना त्यावरून करा. घरातल्या इन्व्हर्टरलाही तो जड नाही. आखाड्यावर सोलर आणि बॅटरीच असेल तर १२ व्होल्ट डीसीवर चालणारा २४ इंची टीव्ही मिळतो. मधल्या इन्व्हर्टरचा घाटा वाचतो.

भाव, बिल आणि वॉरंटी

३२ इंची एचडी रेडी स्मार्ट टीव्हीचा भाव कंपनीप्रमाणं बदलतो, नामांकित कंपनीचा जास्त पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला; ३२ आणि त्याखालच्या टीव्हींवर तो आधीच १८ होता. म्हणजे ३२ आणि ४३ मधलं अंतर थोडं कमी झालंय. खोलीचं माप ४३ चं निघालं असेल तर तो भाव विचारल्याशिवाय निर्णय करू नका.

कंपनी निवडताना नावापेक्षा एक फोन जास्त कामाचा. तिच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून आपल्या गावाचा पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस घरी येतो का, कुठून येतो. किनवट, परांडा, जिंतूर, आष्टी अशा ठिकाणी राहणाऱ्याला "जिल्ह्याला आणून द्या" असं उत्तर मिळालं तर टीव्ही डोक्यावर घेऊन बसनं जायची तयारी ठेवा. तालुक्याला दुरुस्तीवाला असलेली दुय्यम कंपनी अशा वेळी परवडते.

बिल जीएसटीचं पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहायला लावा, आणि तोच नंबर टीव्हीच्या पाठीवर आहे ना ते जुळवा. पाठीवरच्या लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो घातला की नोंद कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. वॉरंटी बहुधा एक वर्षाची. फुटलेला पडदा, विजेचा झटका आणि जादा दाबानं झालेलं नुकसान त्यात येत नाही, आणि पडदा बदलायचा खर्च टीव्हीच्या किमतीजवळ जातो. "पॅनेल वॉरंटी तीन वर्षं" असं तोंडी सांगितलं तर ते बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडून दाखवणारी डिलिव्हरी निवडा, आणि खोक्याच्या पट्टीला हात लावल्यापासून टीव्ही चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. तडा गेलेल्या पडद्याची तक्रार या व्हिडिओशिवाय कोणी ऐकून घेत नाही.

भिंतीवर की टेबलावर

सिमेंट-विटांची भिंत असेल तर फास्टनर धरतो. माळवदाच्या घरात, पांढऱ्या मातीच्या भिंतीत तो धरत नाही. ड्रिल मारलं की माती भुसभुशीत होऊन सांडते आणि टीव्ही महिन्याभरात पुढं झुकतो. तिथं सरळ टेबल वापरा, किंवा सागाची जाड फळी तुळईपर्यंत नेऊन तिच्यावर ब्रॅकेट बसवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टीव्ही लावूच नका.

ब्रॅकेट घेताना टीव्हीच्या पाठीवरची चार भोकं मोजा. ३२ इंचीत ती १०० बाय १००, २०० बाय १०० किंवा २०० बाय २०० मिलिमीटरवर असतात. टीव्हीसोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू पिळला की पॅनेलला आतून लागतो आणि त्याची वॉरंटी कुणी देत नाही.

उंचीत बहुतेक घरं चुकतात. फोटोंच्या रांगेत, दाराच्या चौकटीइतका उंच टीव्ही लावतात आणि घरचे सतरंजीवर बसून माना वर करून बघतात. जमिनीवर मांडी घालून बसलेल्याचे डोळे अडीच फुटांच्या आसपास येतात, सोफ्यावरच्याचे साडेतीन. पडद्याचा मध्य तीन ते साडेतीन फुटांवर ठेवला तर दोघांचंही भागतं. लहान मूल हात लावतं म्हणून उंच लावायचाच असेल तर खाली झुकणारं ब्रॅकेट घ्या.

पहिल्या आठवड्यात

मोड स्टँडर्डवर आणा, बॅकलाइट रात्रीसाठी निम्म्यावर उतरवा आणि शार्पनेस शून्याच्या जवळ ठेवा. जास्त शार्पनेसनं चेहऱ्याभोवती पांढरी कड येते. बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आउटपुट १०८० वर आहे का ते बघा, कारण एचडी बॉक्ससुद्धा कधी कधी ५७६ वर लावलेला येतो. आकाराचं सेटिंग १६:९ वर ठेवा. जुने कार्यक्रम दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून दिसले तर दिसू द्या, ताणून माणसं रुंद करू नका. पडदा पुसायला मऊ मायक्रोफायबरचं किंचित ओलं फडकं, तेही टीव्ही बंद असताना. काच पुसायचा फवारा पडद्यावर मारू नका, पाणी खालच्या कडेतून आत उतरतं.

खोकं आणि थर्माकोल निदान महिनाभर माळ्यावर ठेवा, बदलून घ्यायची वेळ आली तर तेच मागतात. काही बिघडलं तर आधी कंपनीकडं तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. तिथंही दाद लागली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात अर्ज करता येतो, दुकान किंवा कंपनी दुसऱ्या गावची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं अर्जाची फी लागत नाही. सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि तक्रार क्रमांकांची नोंद जोडा.